तळ्याकाठी बिऱ्हाड मांडताना

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाशी गेलेला नसतो, तोच घराघरांत एक नवे खलबत सुरू होते. शाळांना सुट्टी, कचेऱ्यांना जोडून दोन-तीन दिवसांची रजा, पावसाने नुकतीच पाठ फिरवलेली, डोंगर अजून हिरवे आणि धरणे काठोकाठ भरलेली. अशा वेळी पुण्या-मुंबईच्या माणसाला तळ्याकाठी तंबूत एक रात्र काढावीशी वाटली तर त्यात नवल ते काय? वडील मोबाइल उघडतात, मुले दोन्ही खांद्यांवरून डोकावतात, आई चष्मा शोधते. आणि मग ‘हा बघा’, ‘तो नको’, ‘ह्याच्या मागे डोंगर दिसतोय’, ‘ह्याला दिव्यांची माळ आहे’ असे करीत करीत पाच-दहा मिनिटांत एक जागा पसंत होते. पैसे पाठवले जातात. सहल ठरते.

वाचकहो, हीच मंडळी बाजारात किलोभर वांगी घेताना देठ पाहतात, कीड पाहतात, चार वांगी परत टाकतात आणि शिवाय मूठभर कोथिंबीर मागतात. भाड्याची खोली घ्यायची तर नळाला पाणी किती वेळ येते, मोरी तुंबते का, शेजार कसा आहे, ह्याची चार ठिकाणी चौकशी होते. मग ज्या जागी मुलाबाळांसह उघड्या आभाळाखाली निजायचे, ती जागा केवळ चित्र पाहून कशी काय ठरते? चित्रात तळे असते, तंबू असतो, शेकोटी असते. मोरी नसते, संडास नसतो, गाव नसते, माणूस नसतो. ह्या चित्राला आजकाल ‘व्ह्यू’ म्हणतात, आणि ह्या व्ह्यूपायी आपण शहाणी माणसे आपली सारी अक्कल गहाण टाकतो.

मी काही पर्यावरणशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपुरते शिक्षण झालेला, मुलांना शिकवणारा आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर. परंतु जे मला दिसते ते सणाच्या तोंडावर स्पष्ट बोलणे मला भाग आहे, कारण ह्याच आठवड्यात हजारो घरे ही निवड करणार आहेत. माझे म्हणणे थोडक्यात असे की, तळ्याकाठची जागा निवडणे ही आपण हौसेची बाब समजतो, ती वास्तविक वागणुकीची बाब आहे. आपण जागा निवडतो तेव्हा कोणाच्या तरी पाण्यात, कोणाच्या तरी शेतात आणि कोणाच्या तरी झोपेत पाऊल टाकत असतो. जो पाहुणा हे न विचारता घरात शिरतो, त्याला आपल्याकडे चांगले नाव नाही.

आधी ही तळी म्हणजे काय ते पाहू. पवना, मुळशी, भंडारदरा अशी जी नावे आज प्रत्येकाच्या तोंडी आहेत, ती परमेश्वराने हौसेने डोंगरात ठेवलेली सरोवरे नव्हेत. ती माणसाने बांधलेली धरणे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात प्रवरा अडवून भंडारदऱ्याचे धरण उभे राहिले. काम १९१० साली सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. इंग्रजांनी बांधाला विल्सनचे नाव दिले, पाण्याला आर्थरचे दिले. पाणी कालव्यांनी खालच्या मुलखात उसाला गेले, आणि वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळ्यांना आपली भाताची जमीन सोडून डोंगराच्या अंगाला सरकावे लागले.

मुळशीची कथा तर महाराष्ट्राने पाठच करायला हवी. १९२१ साली मावळ्यांनी तेथे सत्याग्रह केला. टाटांचे धरण होणार, त्याचे पाणी कोकणात भिऱ्याला सोडून वीज करणार, ती वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि दिव्यांना मिळणार. आणि ह्या सर्वांची किंमत म्हणून मुळा-निळेच्या खोऱ्यातली गावे बुडणार. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते ह्याच लढ्यात. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झाले आणि गावे बुडाली. आज त्याच पाण्याच्या काठी बसून आपण म्हणतो, ‘वा! काय शांत जागा आहे!’ शांत का आहे, ह्याचा विचार कोणी करायचा?

पवनेचे धरण त्यानंतरचे, १९७० च्या दशकातले. तुंग, तिकोना, लोहगड असे किल्ले भोवती उभे आहेत म्हणून त्याचे चित्र सर्वांत सुरेख येते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे पुराणे देऊळ वर येते, लोक हौसेने पाहायला जातात. देऊळ पाण्यात होते ह्याचा अर्थ त्याच्या भोवतीचा संसारही पाण्यात होता, हे त्या दगडांकडे पाहून कोणाला आठवते? आणि हे काही जुन्या बखरीतले प्रकरण नव्हे. धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या बेताविरुद्ध मावळातले शेतकरी उठले, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन माणसे मेली. ज्या पाण्यापायी माणसे मरतात, ते पाणी कोणाच्या नाचगाण्याची पार्श्वभूमी म्हणून पडून राहिलेले नाही.

तात्पर्य, ‘तळ्याकाठची रिकामी जागा’ असे जाहिरातीत म्हटलेले असते ते खोटे आहे. रिकामी जागा तेथे नाहीच. पाण्याच्या काठची पट्टी धरणाची, तिच्या वरचे शेत कोणाचे तरी, त्याच्या वरचे रान कोणाच्या तरी गाईगुरांचे. म्हणून पहिला प्रश्न हाच: हा कॅम्प कोणाच्या जागेत आहे? मालकाच्या सातबाऱ्यावर, की धरणासाठी संपादन झालेल्या पट्टीवर दडपून? पूर आला, पाणी सोडले, अधिकाऱ्याची जीप आली, म्हणजे ह्या दुसऱ्या प्रकारचे तंबू रातोरात गुंडाळले जातात, आणि तुमचे आगाऊ पैसे कोणाच्या खिशात राहिले ते शोधायला तुम्ही मोकळे होता.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पवनेचे पाणी धरणातून नदीत सोडतात. ते रावेतला उचलून, शुद्ध करून पिंपरी-चिंचवडच्या घराघरांतल्या नळांत जाते. म्हणजे चिंचवडचा एखादा गृहस्थ शनिवारी त्या धरणावर मौजेला जातो आणि सोमवारी त्याच धरणाचे पाणी पितो. मधल्या रविवारी सकाळी त्या काठावर काय घडते? शंभर-दीडशे माणसे उठतात. त्यांचा प्रातर्विधी होतो, आंघोळी होतात, रात्रीची तेलकट भांडी घासली जातात. हे सारे पाणी जाते कोठे? मालक सांगतो, ‘शोषखड्डा आहे.’ शोषखड्डा म्हणजे जमिनीत मुरणारे पाणी. आणि काठापासून वीस पावलांवर मुरलेले पाणी आणखी कोठे जाणार? धरणालाच मिळणार. आपल्या घरच्या पिण्याच्या घागरीत कोणी हात धुतला तर आपण त्याला उंबऱ्याबाहेर काढू. येथे घागर फक्त मोठी आहे, एवढाच काय तो फरक.

ह्याबाबत इतर देशांत माणसे कशी वागतात ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत रानात मुक्काम करणाऱ्याला पहिलाच धडा असा देतात की, तळ्यापासून नि ओढ्यापासून दोनशे फूट, म्हणजे साठ मीटर तरी दूर राहा, आणि भांडी पाण्यात नेऊन धुऊ नका. स्कॉटलंडात लॉख लोमंड नावाचे डोंगरांनी वेढलेले प्रसिद्ध तळे आहे. मुक्कामी येणाऱ्यांच्या गर्दीने त्याच्या काठाची दुर्दशा झाली, तेव्हा २०१७ सालापासून तेथे नियम आला की मार्च ते सप्टेंबर ह्या महिन्यांत ठरावीक काठांवर परवान्यावाचून तंबू लावायचा नाही. आपल्याकडे मात्र तंबूचे दार पाण्याला जितके जवळ, तितका त्याचा भाव अधिक! ‘लेक टच’ असा शब्दही त्यासाठी निघाला आहे. माझी वाचकांना विनंती आहे की, हा शब्द दिसला की ती जागा सोडून पुढच्या जागेकडे वळावे.

आता आवाजाकडे येऊ. डोंगरांच्या कोंडीत, पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे ज्याला पाहायचे असेल त्याने शनिवारी रात्री धरणाच्या पलीकडच्या गावात जाऊन बसावे. अलीकडच्या काठावरचे गाणे शब्दन्‌शब्द ऐकू येते. आणि अलीकडच्या काठावर एक कॅम्प नसतो, ओळीने कित्येक असतात. प्रत्येकाचे गाणे वेगळे. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम स्पष्ट आहेत: सरकार सणावारी सवलत देईल ते मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. हा नियम काय फक्त शहरातल्या गणपतीसाठी आहे? शहरात शेजाऱ्याने साडेदहाला गाणे लावले की आपण पोलिसांना फोन करतो, आणि शंभर किलोमीटर गाडी हाकून दुसऱ्याच्या गावात तेच करायला जातो. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईला झोप लागत नसेल हे आपल्या गावीही नसते.

आवाजासारखाच उजेड. अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या पायथ्याच्या भागात मे महिन्याच्या अखेरीस, पावसाच्या तोंडावर काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे रात्री लखलखू लागतात. सबंध झाड एका तालात उजळते आणि विझते. हा काजव्यांचा उत्सव नव्हे, ती त्यांची लग्नघाई आहे. नर चमकून साद घालतो, मादी आपल्या जागेवरून चमकून उत्तर देते. एवढ्यासाठीच त्यांना थोडे दिवसांचे आयुष्य मिळालेले असते. मोटारीचा दिवा, मोबाइलची बॅटरी, कॅम्पची झगझगीत माळ ह्यांच्या उजेडात ती साद हरवते, आणि गवतातून चालणाऱ्या पायांखाली माद्या चिरडल्या जातात. काजवे पाहायला म्हणून शेकडो गाड्या दिवे लावून जातात आणि काजव्यांचाच वंश बुडवतात! दिवाळी ही दिव्यांची खरी, पण प्रत्येक उजेड म्हणजे दिवाळी नव्हे. तळ्याकाठी जो कॅम्प रात्री काळोखात बुडतो, तो चांगला कॅम्प. जो दुरून जत्रेसारखा दिसतो, तो टाळावा.

तंबूचे झाले. आता चाकांवरच्या घराकडे वळू, कारण पुढची हौस तिचीच आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आता मोटार कंपन्यांनी खरी करून दाखवली आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि भाड्याने मिळणाऱ्या ह्या गाड्या घाटांतून दिसू लागल्या. आत पलंग, ओटा, न्हाणी, संडास, सारे काही. हौशी मंडळी म्हणतात, ‘मास्तर, आमचे घर आमच्याबरोबर, मग गावाला आमचा त्रास कसला?’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. परंतु घर बरोबर आले म्हणजे घरची मोरीही बरोबर आली. अशा गाडीत तीन पाणी असतात: एक पिण्या-वापरण्याचे, दुसरे आंघोळीचे नि भांड्यांचे, तिसरे संडासाचे. दुसरी आणि तिसरी टाकी दोन-तीन दिवसांत भरते. ती रिकामी कोठे करायची? ज्या देशांत ही गाडी रुळली तेथे गाड्यांच्या तळावर टाकी उपसण्याची बांधीव जागा असते, तिला मैलापाण्याची व्यवस्था जोडलेली असते. आपल्या घाटात अशी जागा कोणी विचारीत नाही, म्हणून कोणी बांधीत नाही, म्हणून अंधार पडल्यावर नाल्याच्या तोंडाशी गाडी उभी राहते. संडासाच्या टाकीत जी औषधे घालतात ती त्या नाल्यातल्या माशांना आणि खेकड्यांना काय करीत असतील, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणून कॅरॅव्हॅनवाल्याने जागा निवडताना ‘व्ह्यू’च्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. टाकी उपसायची सोय आहे का? वीज जोडून मिळेल का, की रात्रभर जनरेटर धडधडणार? शेवटच्या दोन मैलांचा रस्ता केवढा रुंद आहे, वळणावर गाडीची शेपूट बसेल का, वर झाडाच्या फांद्या नि विजेच्या तारा किती खाली आहेत? आणि गाडी उभी राहणार ती जमीन कसली? ही शेवटची गोष्ट शहरातल्या माणसाला कळत नाही. डोंगरातली सपाट जागा म्हणजे बहुधा भाताचे खाचर. वरून वाळलेले दिसते, आत दिवाळीनंतरही ओल असते. तीन-चार टनांची गाडी त्यात उतरली की चाके रुततात. मग ट्रॅक्टर बोलवा, दोर बांधा, खेचा. गाडी निघते, पण खाचराचा बांध फुटतो. बांध म्हणजे मातीचा ढीग नव्हे. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या घातलेली ती ताल आहे. ती पुन्हा घालायला घरच्या माणसांचे कितीतरी दिवस जातात, आणि पावसाआधी घातली नाही तर त्या खाचरात पाणी थांबत नाही, भात होत नाही. पाहुणा एका रात्रीत निघून जातो, नुकसान वर्षाचे करून जातो.

अमेरिकेत यलोस्टोन नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे, १८७२ साली राखलेले. तेथल्या तळ्याकाठी फिशिंग ब्रिज ह्या ठिकाणी गाड्यांचा मोठा तळ आहे, आणि तेथे कापडी तंबूला मज्जाव आहे. पक्क्या भिंतींची गाडी असेल तरच मुक्काम. कारण काय, तर तो ग्रिझली अस्वलांच्या वावराचा मुलूख. मला ह्या नियमाचे फार कौतुक वाटते. तेथे पाहुण्याला काय आवडते हे आधी विचारलेले नाही. तेथे आधीपासून कोण राहते, हे आधी विचारले आहे. आपल्या काठांवर अस्वलाच्या जागी माणसे राहतात. त्यांच्यासाठी तेवढा विचार व्हायला काय हरकत आहे?

जीवाच्या काळजीच्या दोन गोष्टीही येथेच सांगून टाकतो. धरणाचा काठ समुद्राच्या पुळणीसारखा हळूहळू खोल होत नाही. बुडालेल्या नदीचे पात्र, जुन्या विहिरी, शेतांच्या ताली खाली तशाच असतात. गुडघाभर पाण्यातून एका पावलात माणूस डोक्यावरच्या पाण्यात जातो, आणि गाळ पाय सोडत नाही. ज्या कॅम्पवर होडीत बसताना तरंगते जाकीट सक्तीने घालत नाहीत, तेथे मुले नेऊ नयेत. दुसरे, थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन दार लावणे म्हणजे मरण उशाशी घेणे होय. तो धूर दिसतही नाही आणि वासही येत नाही. ओढ्याच्या पात्रात, वाळलेल्या फांदीखाली आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल त्याच्या खाली तळ पडू देऊ नये. बार्बेक्यूच्या धुराने नि फटाक्यांनी ते मोहोळ उठले तर पळायला वाट सापडत नाही. कॅम्पच्या मालकाला ह्या गोष्टी विचारल्या आणि तो हसला, तर समजावे की त्याने जागा पाहिली आहे, पण जागा ओळखलेली नाही.

आता माझ्यावर येणाऱ्या आक्षेपांना उत्तर देतो. पहिला आक्षेप नेहमीचा: ‘आम्ही पैसे मोजले आहेत.’ होय, डोईमागे हजार-दोन हजार मोजलेत. त्यात तंबू आला, पोहे-चहा आला, कोंबडीची तंगडी आली. पाणी घाण करण्याचा परवाना त्यात आलेला नाही, आणि गावाची झोप तर मालकाच्या मालकीची नव्हतीच; मग त्याने ती तुम्हाला विकली कशी?

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. ‘ह्यामुळे गावच्या पोरांना रोजगार मिळतो.’ मिळतो, हे मी मान्य करतो. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा धरणाकाठच्या एका कॅम्पवर कामाला आहे. मागे भेटला तेव्हा म्हणाला, “गुरुजी, ती जमीन आमच्या आज्याची. आज्यानं विकली तेव्हा बापाला मोटारसायकल आली न्‌ घरावर पत्रा आला. आता मी तिथंच पाहुण्यांचे तंबू ठोकतो. रात्री बारा वाजले, आवाज कमी करा म्हणायला गेलो, तर मालक म्हणतो, गिऱ्हाईक नाराज होईल. पलीकडं माझीच आजी झोपलेली असते.” ह्याला रोजगार म्हणायचे असेल तर म्हणा. जेथे गावकरी भांडी घासतो आणि गल्ला शहरात जातो, तेथे गावाला मिळतो तो उष्ट्याचा वाटा. उलट असेही कॅम्प आहेत की जेथे जमीन त्याच घराची, चूल त्याच घरच्या बाईची, तांदूळ त्याच खाचराचा. अकोले तालुक्यात पुरुषवाडीसारख्या गावी पाहुणे गावातच उतरतात, गावकऱ्यांच्या घरी जेवतात आणि गावच्याच माणसाबरोबर रानात हिंडतात. तेथे मोबदला ज्याचा त्याच्या हाती पडतो. मग ह्या दोन्हींतून निवड करताना आपण कोठे पैसे पाठवतो, ह्याला काही अर्थ आहे की नाही?

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या मंडळींचा आहे. ते म्हणतात, ‘मास्तर, हे सगळे कॅम्प बंदच करून टाकावेत.’ मला हे पटत नाही. ज्या गावांची भाताची जमीन पाण्याखाली गेली, त्यांच्या हाती आता दोनच गोष्टी आहेत, डोंगर आणि पाणी. पाणी आपण नळाने नेले. डोंगर पाहायला येणारा पाहुणाही बंद केला तर त्यांनी खायचे काय? शिवाय शहरातल्या मुलाला चांदणे दिसले पाहिजे, अंधाराची भीती एकदा वाटली पाहिजे, चुलीवरची भाकरी पदर सुटताना पाहिली पाहिजे. माझे भांडण जाण्याशी नाही, न विचारता जाण्याशी आहे.

तेव्हा ह्या दिवाळीत मोबाइलवर बोट ठेवण्याआधी कॅम्पवाल्याला एक फोन करा आणि विचारा: जागा कोणाची? संडासाचे पाणी कोठे जाते आणि काठापासून किती अंतरावर? रात्री दहानंतर गाणे बंद होते का? दिवे मालवता का? स्वयंपाक कोण करते आणि तिला काय मिळते? होडीत जाकीट देता का? सकाळी जमलेला कचरा कोठे जातो, जाळता की गावाबाहेर ओतता? पाच मिनिटांचे काम आहे. जो नीट उत्तर देईल त्याच्याकडे जा, चार पैसे जास्त पडले तरी जा. जो म्हणेल, ‘साहेब, तुम्ही या तर खरे, व्ह्यू एक नंबर आहे,’ त्याला नमस्कार करा. कॅम्पवाले काही वाईट माणसे नाहीत. ते आपण विचारतो तेच विकतात. आपण आजवर फक्त दिव्यांची माळ विचारली, म्हणून त्यांनी दिव्यांची माळ लावली. दहा घरांनी शोषखड्डा विचारला, तर अकराव्या फोनच्या आधी तो काठापासून दूर जाईल. सरकारच्या नियमाला जे जमत नाही ते गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला जमते.

आणि हा फोन मुलांसमोर करा, ही माझी मास्तर म्हणून शेवटची सूचना. तळ्याकाठी नेऊन निसर्गप्रेम शिकवता येते असा आपला समज आहे. खरे शिक्षण त्याआधीच होऊन गेलेले असते. बाप कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता विचारीत नाही, ते पोरे गुपचूप ऐकत असतात, आणि पुढे मोठी झाल्यावर तीही तेवढेच प्रश्न विचारतात. तुमच्या फोनवरून त्यांना कळू द्या की त्या पाण्याखाली गावे आहेत, त्या पाण्यावर शहरे जगतात, आणि त्या काठावर आपण एक रात्रीचे पाहुणे आहोत.